धावपटू दुष्काळातून घडतो का? अविनाश साबळे आणि बीडचा न लिहिलेला इतिहास

१/ धुळे-सोलापूर महामार्गावर, बीड तालुक्यात चौसाळा हे गाव आहे. मराठवाड्यातील अशा गावांच्या रस्त्यांवर पहाटे मुले धावताना दिसतात. त्यांचे लक्ष्य ऑलिंपिक नसते, भरती असते. पोलीस असो वा सैन्य, कसोटी १६०० मीटरची. याच जिल्ह्यातून अविनाश साबळे पुढे आले.

२/ आष्टी तालुक्यातील मांडवा येथे १३ सप्टेंबर १९९४ रोजी जन्म, शेतकरी कुटुंब, शाळेसाठी रोज सहा किलोमीटरची पायपीट. प्रचलित कथा येथेच रमते: दुष्काळाने पाय घडवले आणि पायांनी विक्रम घडवले. कथा मोहक आहे; इतिहास म्हणून मात्र अपुरी.

३/ कारण तशी पायपीट हजारोंच्या वाट्याला आली. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांनी काय कमी कष्ट उपसले? मग विक्रम एकाच्याच नावावर का? उत्तर कालक्रमात सापडते.

४/ बारावीनंतर साबळे महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशी सेवा झाली. क्रॉस-कंट्री शर्यतींत ते २०१५ मध्ये, सैन्यातच उतरले. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना स्टीपलचेसकडे वळवले: ३००० मीटर, २८ अडथळे आणि पाण्यावरील ७ उड्या.

५/ त्यानंतरचा वेग थक्क करणारा आहे. २०१८: भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंद, गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२: बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. २०२३: हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४: पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे पहिले भारतीय पुरुष.

६/ आता तुलना पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले तेव्हा बावीस वर्षांचे होते. १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेसाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. त्याच बाविसाव्या वर्षी साबळे यांची स्टीपलचेसशी नुकती ओळख होत होती.

७/ कोल्हापूरला तालमी होत्या, शाहू महाराजांच्या काळातले खासबाग मैदान होते, विद्यार्थ्याला पारखणारे कॉलेज होते. मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी; त्याला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले १९५८ मध्ये. अंगमेहनत दोन्हीकडे होती. फरक होता तो गुण हेरणाऱ्या व्यवस्थेचा.

८/ ‘सैन्याने घडवले, मग बिघडले कुठे?’ असा प्रश्न येईल. सैन्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु भरतीला सैनिक हवा असतो, धावपटू नव्हे. जो उत्तीर्ण झाला, त्याला नोकरी मिळते. जो लेखी परीक्षेत वा उंचीत अडकला, त्याची धाव कितीही उत्तम असली तरी तेथेच संपते.

९/ म्हणून हालअपेष्टांचे गौरवीकरण हा निरुपद्रवी भाबडेपणा नाही. गरिबीच खेळाडू घडवते असे एकदा मानले की मैदान, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्ती यांची जबाबदारी कोणावरच उरत नाही. साबळे यांचा खरा सन्मान करायचा असेल, तर चौसाळ्याच्या रस्त्यावर धावणाऱ्या मुलाला बारावीच्या आधी कोणीतरी घड्याळ लावून पाहिले पाहिजे.