स्मरणरंजनाचा कॅमेरा

रविवारी सकाळी गिरगावातल्या खोताच्या वाडीत किंवा लालबागच्या एखाद्या चाळीच्या तोंडाशी उभे राहावे. हौशी छायाचित्रकारांचा घोळका हटकून दिसतो, आणि त्यातल्या एकदोघांच्या गळ्यात चाळीस वर्षांपूर्वीचा वाटावा असा काळा-रुपेरी कॅमेरा असतो. तो जुना नसतो. आत आरसा नसलेला, पूर्णपणे डिजिटल असा तो आजचा कॅमेरा असतो. पेहराव तेवढा जुना. २०२३ साली आलेला निकॉनचा झेडएफ हे या जातीचे ठळक उदाहरण. त्याचे रूप निकॉनच्याच १९८२ मधल्या एफएम-२ वरून घेतलेले आहे. बाजारात आला तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत पावणेदोन लाखांच्या घरात होती.

या कॅमेऱ्यांची परीक्षणे साहित्याच्या वाचकाला ओळखीची वाटावीत. 'देखणा', 'हातात घेताच मोह पडावा असा', 'आत्मा असलेला' ही विशेषणांची रास आपल्या आस्वादक समीक्षेतही कमी नाही. जुने दिसते म्हणून ते सखोल, हा त्यामागचा छुपा सिद्धान्त. माझे भांडण या सिद्धान्ताशी आहे, जुन्या रूपाशी नव्हे. मर्ढेकरांनी १९४७ च्या 'काही कविता'मध्ये अभंग-ओवीची वळणे घेतली, ती भक्तिकाव्याची गोड आठवण चाळवण्यासाठी नव्हे. यंत्रयुगातल्या महानगराचा अनुभव त्या वळणांत घातल्याबरोबर जुना छंद आणि नवा आशय यांच्यात ताण उत्पन्न झाला, आणि कवितेचा अर्थ त्या ताणातून आला. तेव्हा जुन्या आकृतिबंधाला विचारायचा प्रश्न एकच: तो येथे काही काम करतो का?

झेडएफला हाच प्रश्न विचारू. एफएम-२ चे शटर यांत्रिक होते. बॅटरी लागे ती केवळ प्रकाशमापकाला. तबकडी १/१२५ वर असली की शटर त्याच वेगाने चाले. आकडा आणि कृती यांत अंतर नव्हते. झेडएफवरच्या तबकड्याही पितळी आहेत आणि त्या फिरवताना बोटांना सुख होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण आयएसओच्या तबकडीखालचा खटका 'ए'वर ठेवावा, म्हणजे अॅपर्चर आपण ठरवायचे आणि वेग कॅमेऱ्याने. आता शटरची तबकडी १/१२५ दाखवत राहते आणि कॅमेरा भलत्याच वेगाने चित्र घेतो. त्याला शोभणारे ४० मिमी एसई भिंग जुन्या निक्कोरसारखे दिसते. अॅपर्चरचे आकडे कोरलेले कडे मात्र त्यावर नाही. याला आकृतिबंध म्हणत नाहीत, अलंकार म्हणतात.

याउलट फुजीफिल्मच्या एक्स-टी५ (२०२२) मध्ये 'ए' हे स्थान तबकडीवरच आहे. वेग कॅमेऱ्यावर सोपवला, की तबकडीच तसे सांगते. रूप जुने, पण खोटे बोलत नाही. झेडएफमधली खरोखर चांगली सोय म्हणजे कृष्णधवलचा खटका, आणि ती जुनी नाहीच. फिल्मच्या कॅमेऱ्यात कृष्णधवलसाठी रीळच वेगळे घालावे लागे. तो खटका सरकवताना आता रंगाविना पाहायचे आहे, असा निर्णय घ्यावा लागतो. यंत्र म्हणून झेडएफ उत्तम आहे: २४.५ मेगापिक्सेलचा पूर्ण आकाराचा सेन्सर, हात हलला तरी सांभाळून घेणारी यंत्रणा, अचूक फोकस. पण ही सारी गुणवत्ता आजची आहे. पेहरावाचा तिच्याशी संबंध नाही.

फुजीही निर्दोष नव्हे. त्या कॅमेऱ्यात 'नॉस्टॅल्जिक नेग' नावाची रंगछटा आहे. तिचा आदर्श १९७० च्या दशकातले अमेरिकन रंगीत छायाचित्रण. ती निवडून आपण परळच्या चाळीचा सज्जा टिपतो, तेव्हा चित्रावर चढणारा उबदार पिवळसरपणा कोणाच्या आठवणीतला असतो? परळच्या तर खासच नाही.

एफएम-२ ज्या १९८२ साली आला, त्याच वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. लालबाग-परळची त्या वर्षाची आठवण उबदार नाही. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात चिमणी शोभेची वस्तू म्हणून उरली. धूर न सोडणारी चिमणी आणि वेग न ठरवणारी तबकडी या एकाच अभिरुचीच्या दोन खुणा आहेत. आणि आजच्या चाळीतला आजचा माणूस अशा चित्रात 'कालचा' होऊन येतो, हा माझा मुख्य आक्षेप आहे. त्याच्या सज्ज्यावरची डिश अँटेना आणि दारावरची पुनर्विकासाची नोटीस चौकटीबाहेर ठेवली जाते. ज्याचे घर उद्या पडणार आहे, त्याला आपण आजच इतिहासात ढकलून मोकळे होतो.

सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे कृष्णधवलमध्ये काढली. तेथे रंग नसणे हे स्मरणरंजन नाही. नजर दुसरीकडे वळवण्याची सवलत ती चित्रे आपल्याला देत नाहीत. जुने माध्यम तेथे राबते.

तेव्हा ज्याला हा कॅमेरा घ्यायचा असेल त्याने खुशाल घ्यावा, मीही कदाचित घेईन. मात्र दुकानात तो आरशासमोर गळ्यात अडकवून पाहण्याआधी खटका 'ए'वर ठेवून तबकडी एकदा फिरवावी, आणि लालबागेत काढलेल्या पहिल्या चित्राखाली त्या दिवसाची तारीख लिहावी.