वळणावरचा आत्मविश्वास : मोटरसायकल ट्रॅक प्रशिक्षणाची उपयुक्तता आणि मर्यादा

देशातील रस्ते अपघातांत प्राण गमावणाऱ्यांमध्ये दुचाकीस्वारांचे प्रमाण सर्वाधिक आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जण मृत्युमुखी पडले. यांपैकी ७४ हजार ८९७, म्हणजे सुमारे साडेचव्वेचाळीस टक्के, दुचाकीवरचे होते. २०२३ साली मृतांची एकूण संख्या १ लाख ७२ हजारांच्याही पुढे गेली. हेल्मेटची सक्ती, वाढवलेले दंड आणि सुधारित ब्रेक यंत्रणा असे उपाय होत असताना, दुचाकी चालवणाऱ्याच्या कौशल्याकडे मात्र त्या मानाने कमीच लक्ष दिले गेले आहे. या पार्श्वभूमीवर, बंदिस्त ट्रॅकवर वळण घेण्याचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण घेण्याकडे हौशी मोटरसायकलस्वारांचा ओढा वाढत आहे. या प्रशिक्षणामुळे रस्त्यावरची सुरक्षितता खरोखर वाढते का आणि त्याची निवड कशी करावी, हे प्रश्न त्यामुळे महत्त्वाचे ठरतात.

आपल्याकडे दुचाकी शिकवण्याचे काम बहुधा वडील, मोठा भाऊ किंवा मित्र करतो. परवान्यासाठीच्या चाचणीत अनेक ठिकाणी आठच्या आकड्यासारख्या मार्गावरून, पाय न टेकता, संथ गतीने गाडी फिरवून दाखवावी लागते. तोल सांभाळण्याची ही परीक्षा निरुपयोगी नाही. पण ताशी ५० किलोमीटर वेगाने घाटातले वळण घेताना जे कौशल्य लागते, त्याची परीक्षा येथे होत नाही. ही उणीव केवळ भारतातली नाही. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघातांचा घटनास्थळी जाऊन अभ्यास केला होता. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात, अपघातग्रस्त चालकांपैकी ९२ टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून व मित्रांकडून गाडी शिकलेले असल्याचे नमूद करण्यात आले. दुसऱ्या वाहनाशी संबंध नसलेल्या अपघातांत सुमारे दोन-तृतीयांश वेळा चालकाची चूक आढळली. जास्त ब्रेक लावल्याने गाडी घसरणे, किंवा वळणावर वेग अधिक असल्याने वा गाडी पुरेशी न झुकवल्याने बाहेर फेकले जाणे, हे त्या चुकांचे ठळक प्रकार होते.

वळणावर नेमके काय घडते, हे समजून घेणे येथे उचित ठरेल. चारचाकी वाहन स्टिअरिंग फिरवून वळते. मोटरसायकल झुकवावी लागते. किती झुकवावी लागेल हे वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरते, आणि वेगाचा परिणाम वर्गाच्या पटीत होतो. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेग असेल, तर गाडी सुमारे २३ अंशांनी झुकवावी लागते. त्याच वळणावर वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर हा कोन सुमारे ४३ अंश होतो. म्हणजे वेग दीडपट झाला, तरी टायरवर येणारा बाजूचा ताण सव्वादोन पट होतो. टायरची रस्त्यावरची पकड मर्यादित असते. ती वळण्यासाठी जितकी खर्च होते, तितकी ब्रेकसाठी कमी उरते. वळणाच्या मध्यावर घाबरून करकचून ब्रेक दाबल्यास गाडी घसरते, ती याचमुळे.

दुसरी बाब हँडलची आहे. चालण्याच्या गतीने गाडी नेताना, ज्या बाजूला वळायचे त्या बाजूला हँडल फिरवले जाते. वेग वाढल्यावर मात्र ही क्रिया उलटी होते. डावीकडे वळण्यासाठी हँडलची डावी मूठ पुढे ढकलावी लागते, त्यामुळे गाडी डावीकडे झुकते आणि वळते. प्रत्येक दुचाकीस्वार हे नकळत करत असतो. पण नकळत केलेली गोष्ट संकटाच्या क्षणी हाताशी येईलच, असे नाही. वळण अपेक्षेपेक्षा तीव्र निघाले की शरीर ताठ होते, हात हँडल घट्ट पकडतात, ॲक्सिलरेटर एकदम सुटतो आणि नजर ज्याची भीती वाटते त्या कठड्यावर किंवा समोरच्या ट्रकवर खिळते. आणि नजर जिकडे, तिकडेच गाडी जाते. अशा वेळी गाडीची झुकण्याची क्षमता पुष्कळ शिल्लक असते, पण चालकाचे धैर्य संपलेले असते. डाव्या वळणावर असे घडले तर गाडी समोरून येणाऱ्या वाहनांच्या मार्गात जाते, आणि उजव्या वळणावर घडले तर रस्त्याबाहेर. तमिळनाडूतील कोल्ली टेकड्यांच्या ७० तीव्र वळणांच्या रस्त्यावर असो, ताम्हिणीत असो की लडाखच्या वाटेवरील गाटा लूप्समध्ये, या चुकीचा परिणाम सारखाच असतो.

ही सहजप्रवृत्ती व्याख्यानाने बदलत नाही. तिच्यासाठी पुनःपुन्हा सराव लागतो. सार्वजनिक रस्त्यावर असा सराव करणे धोक्याचे आहेच, शिवाय रस्त्यावर शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हाही आहे. ट्रॅकची उपयुक्तता येथे दिसून येते. तेथे समोरून वाहन येत नाही, तेच वळण दर फेरीला त्याच रूपात भेटते, कडेला मोकळी जागा असते आणि रुग्णवाहिका सज्ज असते. चूक करण्याची आणि ती सुधारण्याची मुभा, हे ट्रॅकचे खरे देणे आहे.

भारतात अशी ठिकाणे मोजकीच आहेत. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा ट्रॅक १९९० पासून वापरात आहे आणि देशातील मोटरसायकल शर्यतींचे ते प्रमुख केंद्र मानले जाते. कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे त्याहून लहान आहे. ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या आणि २०२३ साली मोटोजीपीची शर्यत झाली. चेन्नईच्या ट्रॅकवर परदेशी तसेच भारतीय संस्थांनी प्रशिक्षण वर्ग घेतले आहेत. माजी राष्ट्रीय विजेते रजिनी कृष्णन यांनी सुरू केलेली अकादमी हे त्याचे एक उदाहरण. काही मोटरसायकल कंपन्याही आपल्या ग्राहकांसाठी ट्रॅकवर कार्यक्रम ठेवतात.

अशा प्रशिक्षणाचा आराखडा कसा असावा, याचा नमुना म्हणून कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलकडे पाहता येईल. कीथ कोड यांनी १९८० साली सुरू केलेल्या या संस्थेने भारतातही वर्ग घेतले आहेत. तिच्या पहिल्या पातळीवर पाचच विषय असतात : ॲक्सिलरेटरवरील नियंत्रण, गाडी कोठे वळवायची तो बिंदू, ती निर्णायकपणे झुकवणे, हँडलवर अनावश्यक जोर न देणे, आणि वळण्यापूर्वी नजर आतल्या बाजूला नेणे. प्रत्येक विषय आधी वर्गात समजावला जातो आणि लगेच ट्रॅकवर त्या एकाच गोष्टीचा सराव करवून घेतला जातो. प्रशिक्षक मागून पाहतो आणि फेरी संपल्यावर काय सुधारायचे ते सांगतो. ‘जोरात चालवा’ हा विषय या यादीत नाही, ही लक्षात घेण्यासारखी बाब आहे.

तथापि, या प्रशिक्षणाची दुसरी बाजूही तितकीच गांभीर्याने पाहायला हवी. प्रशिक्षणाने अपघात कमी होतात, असे ठामपणे सांगणारा पुरावा अद्याप पुरेसा नाही. मोटरसायकल प्रशिक्षणावरील जगभरातील अभ्यासांचा आढावा कोक्रेन या संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केला. उपलब्ध अभ्यासांचा दर्जा पाहता कोणताही निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, असे त्यात म्हटले होते. नॉर्वेमध्ये मोटारचालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण दिले गेले, तेव्हा तरुण पुरुषांचे असे अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे १९८८ सालच्या एका अभ्यासात आढळले. ‘आपल्याला आता गाडी सावरता येते’ या भावनेने चालक अधिक धोका पत्करू लागले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. कौशल्यापेक्षा आत्मविश्वास अधिक वेगाने वाढला, तर प्रशिक्षणच घातक ठरू शकते, हा त्याचा अर्थ.

ट्रॅक आणि रस्ता यांतील फरकही विसरता येत नाही. ट्रॅकवर वाळू, शेण, खड्डे, अचानक आडवी येणारी गुरे किंवा डिझेल सांडलेला डांबरी रस्ता नसतो. तेथे संपूर्ण रुंदी वापरून बाहेरून आत आणि आतून बाहेर अशी वळणाची रेषा धरली जाते. घाटात हीच रेषा जशीच्या तशी वापरल्यास, उजव्या वळणावर चालकाचे डोके मध्यरेषेपलीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या बसच्या वाटेत जाऊ शकते. शिवाय मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार सुमारे दोन-तृतीयांश अपघात सरळ रस्त्यांवर झाले, तर सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या अपघातांत झाले. वळण उत्तम घेता येणे हा सुरक्षिततेचा एक भाग आहे. संपूर्ण सुरक्षितता नव्हे.

म्हणूनच प्रशिक्षणाची निवड विचारपूर्वक करावी लागते. पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा. ठरावीक शुल्क घेऊन ट्रॅक मोकळा सोडणे आणि प्रशिक्षण देणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वर्ग, सराव, निरीक्षण आणि सूचना असा क्रम नसेल, तर जुन्या चुकाच अधिक वेगाने पक्क्या होतात. दुसरा प्रश्न, एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी आणि नवख्यांचा गट वेगळा आहे का, हा. तिसरा, वेळ मोजली जाते का. पहिल्याच वर्गात फेरीची वेळ फलकावर लागत असेल, तर तेथे शिकण्यापेक्षा स्पर्धा अधिक होणार, हे उघड आहे. चौथा प्रश्न वाहनाचा. शक्तिशाली गाडीपेक्षा १५० ते ३०० सीसी क्षमतेची गाडी शिकण्यास अधिक योग्य ठरते, कारण तिच्यावर चालकाची चूक स्पष्ट दिसते आणि तिची शिक्षाही सौम्य असते. संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, चामड्याचा पोशाख, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट यांचा आग्रह न धरणारी संस्था टाळणेच योग्य. टायर, ब्रेक आणि साखळी यांची तपासणी झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर सोडली जाऊ नये.

ट्रॅक पूर्णपणे निर्धोक नाही, याचीही जाणीव असावी. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेतील शर्यतीत एका १३ वर्षांच्या स्पर्धकाचा मृत्यू झाला. शर्यत आणि प्रशिक्षण यांत मोठे अंतर आहे, हे खरे. पण वैद्यकीय पथक, झेंडे दाखवणारे स्वयंसेवक आणि आणीबाणीची व्यवस्था यांची चौकशी करणे हा सहभागी होणाऱ्याचा हक्क आहे. वाहन विम्याच्या प्रचलित अटींनुसार आयोजित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या यांतील नुकसान विम्यातून वगळलेले असते. आपल्या पॉलिसीत प्रशिक्षणाबाबत काय म्हटले आहे, हे आधी वाचून घेणे हिताचे.

या विषयाला एक सामाजिक बाजूही आहे. ट्रॅकवर येणारा मुख्यतः महागड्या मोटरसायकलीचा मालक असतो, आणि त्याला चेन्नई, कोइमतूर किंवा दिल्लीपर्यंत प्रवास परवडतो. कामावर जाण्यासाठी, दूध किंवा पार्सल पोहोचवण्यासाठी १०० ते १२५ सीसीची गाडी रोज चालवणाऱ्या कोट्यवधी लोकांपर्यंत हे ज्ञान पोहोचत नाही. १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस ब्रेक यंत्रणा २०१९ पासून सक्तीची करण्यात आली, पण यंत्रणा वापरण्याचे शिक्षण तिच्यासोबत आले नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले असून, हलक्या वाहनांसाठी चार आठवड्यांत २९ तासांचा अभ्यासक्रम त्यांत आखून दिला आहे. दुचाकीस्वारासाठी आपत्कालीन ब्रेक, हँडलची उलटी क्रिया आणि वळणापूर्वी वेग कमी करणे यांचा असाच सक्तीचा सराव घडवता येण्यासारखा आहे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय दर्जाचा ट्रॅक लागत नाही. सपाट डांबरी मैदान, काही रबरी शंकू आणि जाणता प्रशिक्षक एवढे पुरते.

ट्रॅकवरून परतलेल्या चालकाने काय सोबत आणले, यावरच या प्रशिक्षणाचे यश मोजले पाहिजे. गुडघा जमिनीला टेकवण्याची कला रस्त्यावर कामाची नाही. वळणापूर्वीच वेग उतरवणे, नजर दूर ठेवणे, हात सैल सोडणे आणि ॲक्सिलरेटर हळुवारपणे वाढवणे, या चार सवयी मात्र रोजच्या प्रवासात प्राण वाचवू शकतात. आणि गाडीची क्षमता किती आहे हे कळल्यानंतरही तिचा बराचसा भाग अनपेक्षित प्रसंगासाठी राखून ठेवणे, ही त्यांतील सर्वांत मोलाची सवय होय. जे प्रशिक्षण हा संयम शिकवते, तेच निवडण्यायोग्य आहे.