सागराचे ज्ञान किनाऱ्याला हवे

भारताच्या सागरकिनाऱ्याची लांबी किती, या प्रश्नाचे उत्तर अनेक पिढ्यांनी शाळेत घोकले होते : ७,५१६ किलोमीटर. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालाने हा आकडा मागे टाकला. नव्या मोजणीनुसार हा किनारा ११,०९८ किलोमीटरचा आहे. समुद्र मागे हटला, असे काही घडलेले नाही. १९७० च्या दशकातील मोजणी ढोबळ नकाशांवरून झाली होती. नव्या मोजणीत खाड्या, नदीमुखे आणि किनाऱ्याची वळणे अधिक बारकाईने टिपली गेली. भूमी तीच आणि सागरही तोच. पाहणारी दृष्टी तेवढी सूक्ष्म झाली. सागरविज्ञान, सागरी शिक्षण आणि सागरी जीवांचे संरक्षण या तिन्ही क्षेत्रांत काम करणाऱ्या संस्थांचे मोल या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

या संस्थांची वाटचाल अभिमान वाटावा अशीच आहे. साठच्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून प्रेरणा घेऊन १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोनापावला येथे तिचे मुख्यालय आहे. या संस्थेच्या 'गवेषणी' या नौकेने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्राच्या तळातून बहुधातू खडे वर आणले. मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट पोटात बाळगणारे हे खडे म्हणजे उद्याच्या उद्योगांचा कच्चा माल होय. १९८७ मध्ये खोल समुद्रातील या संपत्तीच्या शोधासाठी आद्य गुंतवणूकदार म्हणून आंतरराष्ट्रीय नोंदणी मिळविणारा भारत हा पहिला देश ठरला. २०२१ मध्ये सरकारने ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल महासागर मोहिमेला मंजुरी दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये एक भारतीय जलवीर फ्रान्सच्या पाणबुडीतून अटलांटिक महासागरात ५,००२ मीटर खोलीवर जाऊन आला. स्वदेशी बनावटीच्या 'मत्स्य ६०००' या पाणबुडीसाठी आवश्यक असलेल्या अनुभवाचीच ही शिदोरी आहे.

हे सारे खरे असले, तरी एक प्रश्न उरतोच. दोनापावला, चेन्नई आणि हैदराबाद येथील प्रयोगशाळांमध्ये सिद्ध होणारे ज्ञान हर्णै, दाभोळ किंवा सातपाटीच्या बंदरावर कोणत्या रूपाने पोहोचते? ज्याचे पोट समुद्रावर आहे, त्याच्या हाती त्यातले काय लागते? हा दुवा साधला गेला की काय घडते, याची उदाहरणे आपल्यापाशी आहेत. हैदराबादची 'इन्कॉईस' ही संस्था उपग्रहाच्या साहाय्याने समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांचा वेध घेते आणि मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे, याची सूचना किनाऱ्यावरच्या भाषांमधून देते. त्यामुळे मासळीच्या शोधात जळणारे डिझेल वाचते. विज्ञान मच्छीमाराच्या भाषेत बोलू लागले की ते त्याला परके वाटत नाही.

संरक्षणाच्या क्षेत्रात याहून बोलके उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते २००२ मध्ये समुद्री गरुडाचा अभ्यास करीत किनाऱ्याने फिरत होते. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी येथे अंडी घालते आणि ती अंडी खाण्यासाठी उकरून नेली जातात, हे त्यांच्या ध्यानी आले. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिसी धाक न दाखविता गावालाच या कामाचे धनी केले. घरटी शोधणारे, कुंपणात अंडी जपणारे आणि पिल्ले समुद्रात सोडणारे हात गावातलेच होते. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे येऊ लागले, घराघरांत त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय झाली आणि अंडे खाण्यापेक्षा पिल्लू जगविण्यात गावाचे हित आहे, हे निराळे सांगावे लागले नाही. वेळासचा हा धडा पुढे कोकणातील अनेक किनाऱ्यांनी गिरविला.

शासनाला अशी दृष्टी लाभली की कायदाही लोकांचा होतो. महाराष्ट्राच्या वनविभागाने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला. संरक्षित सागरी जीव जाळ्यात अडकला, तर जाळे कापून त्याला सोडून देणाऱ्या मच्छीमारास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ पासून लागू झाली. जाळे हे मच्छीमाराचे भांडवल असते. ते कापण्याचा उपदेश करणे सोपे. त्याची किंमत चुकती करणे हा न्याय होय. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी कासव २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालण्यासाठी आली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचे नाते सांगणारी ही मोलाची नोंद हाती आली, कारण त्या रात्री तेथे पहारा होता. हा पहारा नसता, तर ती खूणपट्टी वाचणार कोण?

मासेमारीचा प्रश्न मात्र अधिक बिकट आहे. मत्स्यसाठ्यांवरचा ताण किनाऱ्यावरचा प्रत्येक जाणता माणूस बोलून दाखवितो. बारीक आसाच्या जाळ्यांतून पिल्लेही उपसली जातात, म्हणजे पुढच्या हंगामाची बेगमी आजच बाजारात जाते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासाच्या आधारे महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरवून दिले. त्यात राज्यमासा ठरलेल्या रुपेरी पापलेटसाठी १३५ मिलिमीटरची मर्यादा आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु तो बंदरावर, लिलावाच्या जागी आणि ग्राहकाच्या पिशवीपर्यंत पाळला जातो काय? लहान पापलेट घासाघीस करून विकत घेणारा शहरी गिऱ्हाईक या अपराधातून मोकळा होऊ शकत नाही.

वास्तविक संयमाचा हा विचार आपल्या समाजाला नवा नाही. नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून, श्रीफळ अर्पण करून मगच नौका पाण्यात लोटण्याची कोळी समाजाची परंपरा आहे. खवळलेल्या समुद्रापासून माणसाचे आणि विणीच्या काळात जाळ्यापासून मासळीचे रक्षण करणारा हा नेम होता. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राने २०१५ पासून लागू केलेली १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी याच शहाणपणाला कायद्याचे रूप देते. मात्र, ज्यांनी हा नेम पिढ्यान्‌पिढ्या पाळला, त्यांच्याकडील ज्ञानाची नोंद करण्याचे काम आपल्या विद्यापीठांनी कितीसे केले? उधाण आणि भांग यांचा हिशेब, वाऱ्याची लक्षणे, पाण्याच्या रंगावरून तळाचा अंदाज, माशांची वयानुसार बदलणारी नावे हे सारे वृद्ध कोळ्यांच्या ओठांवर आहे. त्यांच्याबरोबर ते लोपले, तर ते पुन्हा कोणत्याही प्रयोगशाळेत तयार करता येणार नाही.

शिक्षणाची उणीव येथेच जाणवते. मुंबईत मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे, रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे. तेथून तज्ज्ञ बाहेर पडतात. परंतु किनाऱ्यावरच्या गावातील शाळकरी मुलाला आपल्या दारातील खाडीची ओळख करून देणारे पुस्तक त्याच्या मातृभाषेत मिळणे दुर्मीळच. कांदळवनाला तो चिखल समजतो आणि वडिलांच्या होडीला मागासलेपणाची खूण. अशा मुलाने उद्या सागराचा कैवार घ्यावा, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

हा केवळ भाषाप्रेमाचा मुद्दा नाही. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्याचा अंदाजित खर्च ७६ हजार कोटींहून अधिक आहे. देशाच्या व्यापाराला खोल पाण्याची बंदरे हवीत, यात शंका नाही. पण आपल्या मासेमारीच्या जागेचे काय होणार, हे जाणून घेण्याचा किनाऱ्यावरील मच्छीमाराचा हक्कही तितकाच निर्विवाद आहे. पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देण्याची तरतूद २००६ च्या अधिसूचनेत आहे. मूळ अहवाल मात्र शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असतो. ज्याचे जीवन पणाला लागते, त्याला सारांशावर बोळवणे हे लोकशाहीला शोभणारे नाही. आरमारावर स्वतंत्र प्रकरण लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, जहाजांसाठी लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्या-फणसाला तिच्या संमतीवाचून हात लावू नये, अशी सक्त ताकीद आहे. राष्ट्राची गरज आणि रयतेचे हित यांची सांगड घालण्याची रीत या मातीला तीनशे वर्षांपूर्वीच ठाऊक होती.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. सागरी संशोधन संस्थांनी आपल्या किनाऱ्याविषयीचे निष्कर्ष दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावेत. मच्छीमार सहकारी संस्थांना संशोधनात सहभागी करून घ्यावे आणि त्यांच्या निरीक्षणांना नोंदीचा मान द्यावा. किनाऱ्यावरील प्रत्येक शाळेने आपल्या खाडीची आणि पुळणीची नोंदवही ठेवावी. सेवाभावी संस्थांनी वेळासप्रमाणे गावालाच कर्ता करावे आणि अनुदानाच्या मुदतीबरोबर आपले काम संपू देऊ नये.

किनाऱ्याची लांबी नव्याने मोजण्यास अर्धे शतक लागले. किनाऱ्यावरच्या माणसाचे मोल जाणण्यास आणखी अर्धे शतक थांबण्याइतका अवधी आता सागरापाशी नाही.