आरोग्यसंवाद : जखम तळापासून भरू द्या

गळू चिरले, पू निघून गेला आणि ठसठस थांबली, की रोग्याचा आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. ‘सुटलो एकदाचे’ असे म्हणून जो तो आपल्या कामाला लागतो. वास्तविक उपचाराचा निम्मा भाग तेव्हाच सुरू होतो, आणि तो दवाखान्यात नव्हे, तर घरी पार पाडावयाचा असतो. तो अर्धवट सोडल्यास काय होते, हे मी अगदी जवळून पाहिले आहे.

शाळेत मला संस्कृत शिकविणारे गुरुजी एकदा मानेच्या मागे गळू घेऊन माझ्याकडे आले. इकडे माळव्यात शेजारीपाजारी त्याला ‘फोडा’ म्हणतात. त्यांनी सुचविलेले सारे लेप लावून झाले होते. गळू पुरते पिकले होते. जागा बधिर करून मी ते चिरले, पू काढला आणि पोकळीत गॉजची वात ठेवली. गुरुजी तशा स्थितीतही हसून म्हणाले, “अरे, कच्चे गळू अज्ञानाने चिरणारा आणि पिकलेल्याची उपेक्षा करणारा, दोघांनाही सुश्रुताने दोष दिला आहे. तू दोन्हींतून सुटलास!”

मी सुटलो नव्हतो. दोन दिवसांनी वात काढली तेव्हा जखम स्वच्छ होती. पाचव्या दिवशी दुखणे थांबले. नातवाची मुंज बडोद्यास होती, त्या गडबडीत पट्टी बदलणे राहून गेले. वर पातळशी खपली धरली, आणि काकूंना वाटले की जखम मिटली. बाराव्या दिवशी गुरुजींना हुडहुडी भरून ताप आला, मान पुन्हा सुजली. रुग्णालयात दाखल करून पुन्हा चिरावे लागले. त्या वेळी केलेल्या तपासणीत रक्तातील साखर तीनशेच्या वर निघाली. गुरुजींची प्रकृती सडसडीत, आहार मोजका; त्यांना मधुमेह असेल असे माझ्या मनातही आले नव्हते. जी तपासणी मी पहिल्याच दिवशी करावयास हवी होती, ती केली नाही. ती चूक माझी, आणि ती सांगूनच पुढचे लिहितो.

गळू म्हणजे जंतू आणि त्यांच्याशी झुंजताना मेलेल्या पांढऱ्या पेशी यांचे, शरीराने भिंत घालून कोंडलेले डबके होय. त्या डबक्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पोटात घेतलेले औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही. म्हणून पू झालेल्या गळवाला वाट करून द्यावीच लागते. पू गेल्यावर मागे पोकळी उरते. तिचे तोंड सहसा शिवत नाहीत, कारण वरची त्वचा आधी जुळली तर आत पुन्हा पू साठतो. झाकण लावल्याने बरणी भरत नाही. पोकळी तळापासून वर भरत यावी आणि तोंड सर्वांत शेवटी मिटावे, हा या जखमेचा नियम आहे.

शरीर हे काम क्रमाने करते. पहिले तीन-चार दिवस सफाईचे असतात. थोडी सूज राहते, पाझर येतो. त्यानंतर तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल, ओलसर मांसांकुर दिसू लागतात. ते पाहून घाबरू नये. ती जखम भरत असल्याची खूण आहे. त्यांना धक्का लागला तर किंचित रक्त येते. तळावरचा पिवळसर पातळ थरही दर वेळी पूच असतो असे नाही, तो ओरबाडू नये. पुढे कडा आत ओढल्या जाऊन जखम लहान होते. लहान गळवाची जखम दोन ते चार आठवड्यांत भरते, मोठीला त्याहून अधिक काळ लागतो. वण पक्का होण्याचे काम तर वर्षभर चालू राहते, आणि तरीही त्या जागी मूळ त्वचेचे पूर्ण बळ येत नाही.

आता घरी काय करावे ते पाहू. डॉक्टरांनी वात ठेवली असेल तर ती साधारण एक-दोन दिवसांत काढतात किंवा बदलतात. सांगितल्याखेरीज आपण ओढू नये. लहान गळवांत अलीकडे पुष्कळदा वात ठेवतच नाहीत. ती न ठेवल्याने वेदना कमी होते, आणि भरण्यात सहसा बाधा येत नाही. पट्टी बदलण्यापूर्वी व नंतर हात साबणाने धुवावेत. गॉज चिकटले असेल तर हिसका न देता ते भिजवून सोडवावे. परवानगी मिळाली की रोज स्नानाच्या वेळी जखमेवरून स्वच्छ कोमट पाण्याची धार सोडावी. नळाच्या पाण्याची खात्री नसेल तर अर्धा लिटर पाणी उकळून, त्यात सपाट एक लहान चमचा मीठ घालून ते निववावे व त्याने धुवावे. मग कडा हलक्या हाताने टिपून नवी पट्टी ठेवावी. पट्टी भिजली तर दिवसातून दोनदाही बदलावी. रोज स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नये. जंतूंबरोबर नव्या कोवळ्या पेशीही त्याने मरतात. हळद, कॉफीची पूड, तंबाखू, चुना यांपैकी काहीही जखमेत भरू नये. राख आणि शेण यांतून तर धनुर्वाताचा धोका असतो. त्याची लस केव्हा घेतली होती, हेही डॉक्टरांना सांगावे.

‘जखमेला वारा लागू द्या, सुकू द्या’ हा सल्ला घरोघरी मिळतो. 1962 साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या वरवरच्या जखमांवर प्रयोग करून दाखविले, की उघड्या राहून खपली धरलेल्या जखमेपेक्षा झाकलेली, ओलसर जखम सुमारे दुप्पट वेगाने नवी त्वचा धरते. ओलसर म्हणजे चिंब नव्हे. मात्र कोरड्या खपलीला बरे होण्याची खूण समजू नये, एवढे त्यातून निश्चित घ्यावे. गुरुजींच्या घरी नेमका हाच घोटाळा झाला होता.

पथ्याच्या नावाखाली डाळ, दूध, भात आणि आंबट बंद करण्याची आपल्याकडे चाल आहे. त्याने पू होतो असे म्हणतात. हा समज निराधार आहे. मांसांकुर प्रथिनांतून घडतात, म्हणून डाळ, उसळ, दूध, दही, चालत असल्यास अंडी अवश्य द्यावीत. आवळा, पेरू, लिंबू यांतील क जीवनसत्त्वावाचून नवे तंतू नीट विणले जात नाहीत. विडी-सिगारेटने जखमेचा रक्तपुरवठा घटतो. आणि साखर वाढलेली असली तर पांढऱ्या पेशींची लढण्याची शक्तीच मंदावते. मोठे गळू किंवा काळपुळी झाली, अथवा गळवे वारंवार होऊ लागली, की रक्तातील साखर तपासून घ्यावी. डॉक्टर विसरले तर आपण आठवण करावी. अशा गळवांचे जंतू पुष्कळांच्या नाकात एरवीही वस्तीला असतात, म्हणून रोग्याचा टॉवेल, पंचा, वस्तरा वेगळा ठेवावा.

पुढील लक्षणे दिसताच वाट न पाहता डॉक्टर गाठावा : ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक, हुडहुडी, दोन दिवसांनंतर कमी होण्याऐवजी वाढणारी वेदना, भोवती पसरणारी लाली किंवा तांबड्या रेघा, दुर्गंधी, दहा मिनिटे दाबून धरूनही न थांबणारे रक्त, आणि आत पोकळी असतानाच मिटू लागलेले तोंड. गुदद्वाराजवळच्या गळवाची जखम महिना-दोन महिने पाझरत राहिली, किंवा भरून पुन्हा फुटली, तर भगंदराची शंका घ्यावी. ते संकोचाने लपवू नये. प्रतिजैविक गोळ्या दिल्या असतील तर ठरलेले दिवस पुऱ्या कराव्यात.

गुरुजींची दुसरी जखम भरण्यास सात आठवडे लागले. काकू रोज पट्टी बदलताना तळ किती वर आला ते पाहून वहीत तारीख घालीत. साखरही आटोक्यात आली. शेवटच्या भेटीस गुरुजी म्हणाले, “सुश्रुताच्या दोन दोषांना तिसरा जोडून ठेव. पिकलेले चिरून विसरणारा.” मी मान खाली घातली. त्या तिसऱ्यात आम्ही दोघेही होतो.