तान्ह्या मनाचे अर्थकारण

जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ साली ‘नवचेतना’ हा आराखडा प्रसृत केला. बाळाशी बोलावे, खेळावे, त्याच्या हुंकाराला प्रतिसाद द्यावा, असे महिनावार मार्गदर्शन त्यात असून ते अंगणवाडी सेविकांमार्फत घरोघरी पोहोचावे अशी योजना आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यापासून या वयोगटाचा विचार मुख्यत्वे आहार, लस आणि वजन एवढ्यापुरताच होत आला. आता त्याच्या मनाचीही दखल घेतली गेली, हे स्वागतार्हच होय.

या विचारामागे शास्त्राचा आधार आहे. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी सिद्ध केलेल्या अहवालात, आईचा अथवा तिची जागा घेणाऱ्या व्यक्तीचा मायेचा व अखंड सहवास मानसिक आरोग्याला आवश्यक असल्याचे प्रतिपादिले होते. रडणाऱ्या बाळाला कोणी जवळ घेते, हसण्याला हसून उत्तर देते, या नित्याच्या देवघेवीतूनच जग भरवशाचे असल्याची खूण त्याच्या मनाला पटते. पुढील आयुष्यातील भाषा, संयम आणि शिकण्याची उमेद यांचा पाया तेथेच घातला जातो.

परंतु सहवासाला वेळ लागतो, आणि गरिबाच्या घरी वेळेचे मोल रोजच्या मजुरीत मोजले जाते. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील मातेला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. असंघटित क्षेत्रातील मातेसाठी त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५ हजार रुपये आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर किमान ६ हजारांची हमी दिली होती. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी प्रतिदिनी २९७ रुपये होती. या दराने ५ हजारांत १७ दिवसांची मजुरीही भरत नाही. २६ आठवड्यांचे, आठवडी सुटी वगळूनही, ४६ हजारांवर होतात. एकीच्या बाळाला सहा महिने आणि दुसरीच्या बाळाला जेमतेम पंधरवडा, असा हा हिशेब आहे.

बीड जिल्ह्यातून दरसाल ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडे पाहिले म्हणजे याचा अर्थ उमगतो. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता मानला जातो. घेतलेली उचल फेडायची असल्याने बाळंतिणीलाही फडात उतरावे लागते आणि तान्हे मूल बांधावर, थोरल्या भावंडाच्या हवाली राहते. या मातेच्या ठायी माया कमी नाही. कमी आहे ती उसंत. तिला ‘बाळाशी खेळा’ असा उपदेश करणे ही क्रूर थट्टाच ठरेल.

तेव्हा स्त्रीने घरी बसावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. बोल्बी यांनीही ‘तिची जागा घेणारी व्यक्ती’ मान्य केली होतीच. पिता व आजी-आजोबा यांचा त्यात वाटा आहे, तसाच चांगल्या पाळणाघराचाही. १९६९ साली दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ने कामाच्या जागीच पाळणाघर उभारून हा मार्ग दाखवून दिला.

मातृत्वलाभाची रक्कम किमान मजुरीशी निगडित करणे, आणि साखर कारखान्यांच्या तळांवर हंगामभर पाळणाघरे चालविणे, ही दोन पावले शासनाने प्रथम उचलावीत. खर्चाची सबब पुढे येईलच. पण तो खर्च आज टाळला, तरी त्याची भरपाई उद्या शाळेला, दवाखान्याला आणि समाजाला करावीच लागते. ‘नवचेतना’ पुस्तिकेत राहणार की पाळण्यापर्यंत पोहोचणार, हे अखेर अंदाजपत्रकच ठरवील.