व्हिक्टर आन गद्दार?

आमच्या टीममधला कोणी पेपर टाकून समोरच्या कंपनीत गेला की आम्ही पार्टी मागतो. आन ह्युन-सूने देश बदलला तर मात्र काहींच्या लेखी गद्दार! २००६ला तुरिनमध्ये त्याने शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची तीन सुवर्णपदकं कोरियाला दिली. २००८मध्ये गुडघा गेला, २०१०चं ऑलिंपिक हुकलं, त्याची सोंगनामची टीमही बंद पडली. पठ्ठ्या २०११मध्ये रशियाचा व्हिक्टर झाला. २०१४ला सोचीत पुन्हा तीन सुवर्ण, आणि शॉर्ट ट्रॅकमध्ये कोरियन पुरुषांना एकही पदक नाही! गंमत म्हणजे तेव्हा खुद्द कोरियातच बरेच लोक त्याच्यावर नाही, स्केटिंग संघटनेवर चिडले. (२०२२ला तो चीनचा कोच होता तेव्हा मीही जरा चपापलो, खोटं कशाला बोलू?) पण उमेदीची वर्षं त्याची. घरी बसून त्याने कुणाच्या बोलावण्याची वाट बघायची होती?