आधी शिकवणारा, मग जर्सी!

हैदराबाद-मुंबई रेल्वे लाईनवर आपलं सोलापूर मध्येच लागतं. पण हॉस्टेलवर 'हैदराबाद' म्हटलं की सगळ्यांना बिर्याणीच आठवते. फुटबॉल कुणालाच नाही!

१९५० साली हैदराबाद सिटी पोलीसच्या टीमने मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. युद्ध आणि फाळणीमुळे खंड पडलेली दिल्लीची ड्युरंड स्पर्धा त्याच वर्षी पुन्हा सुरू झाली. तिथेही फायनलमध्ये मोहन बागानला हरवून कप यांनीच नेला. पुढे १९५४ पर्यंत रोव्हर्स कप सलग पाच वर्षं हैदराबादकडेच राहिला.

हे जमलं कसं? कोच सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक. त्यांनी फक्त कमजोर पायाने खेळायच्या, ड्रिबलिंग बंद असलेल्या स्पर्धा भरवल्या. मग पोरं पास द्यायला आपोआप शिकली. १९५१ आणि १९६२ च्या एशियन गेम्समध्ये भारताने सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा कोच रहीमसाहेबच होते.

आणि आपण? झोनलच्या आठ दिवस आधी नोटीस लागते. टीम निवडतात, नव्या जर्सीत फोटो निघतो आणि पहिल्याच मॅचला पोरं घरी! लेक्चर न घेता कुणी थेट सबमिशन मागितलं तर आपण केवढी बोंब मारतो. फुटबॉलच्या बाबतीत मात्र हेच चालवून घेतो.

म्हणून मित्रांनो, यंदा जर्सी जुनीच घालू. त्या पैशात रोज संध्याकाळी ग्राउंडवर शिकवणारा एक माणूस मागू. कप नंतर बघू!